बागेत आम्ही तुमच्या कुत्र्याची लीश का सोडत नाही

नमस्कार. आमच्याकडून ज्यांचे कुत्रे रोज फिरायला जातात त्या सगळ्या घरांसाठी हे लिहितोय, जुने असा नाहीतर या महिन्यात आलेले, एकदा शांतपणे वाचा. दर आठवड्याला कुणीतरी आमच्याकडे कुत्रे फिरवायचं काम करणाऱ्या मुलांना सांगतंच की अरे बागेत गेल्यावर दहा मिनिटं सोड ना त्याला, पळू दे की जरा, तो काही करत नाही. मुलं नाही म्हणतात. मग कधीकधी मला फोन येतो, कुत्रा आमचा, पैसे आमचे, आणि सोडायचं नाही हे तुम्ही कोण ठरवणार. राग येणं साहजिक आहे, म्हणून कारण नीट सांगतो.

पहिल्या वर्षी आम्ही सोडायचो. कोथरूडमधली एक बाग, सकाळचे सव्वासहा, आणि एक लॅब्रॅडॉर, म्हणजे आपला लॅब, वजन ३४ किलो, स्वभावाने इतका गोड की सोसायटीतली पोरं त्याच्या अंगावर डोकं ठेवून झोपायची. मालकांनी सांगितलेलं की सोडत जा, म्हणून आमच्या मुलाने हुक काढला. ट्रॅकच्या वळणावरून एक आजी येत होत्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातात फुलांची पिशवी. कुत्र्याने त्यांना पाहिलं आणि शेपटी हलवत धावत गेला, भुंकला नाही, दात दाखवले नाहीत, नुसते प्रेमाने पुढचे दोन पाय उचलून त्यांच्या छातीवर ठेवले. आजी मागे पडल्या, पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. मी पोचलो तेव्हा त्यांना कुणीतरी बाकावर बसवलं होतं, प्राजक्ताची फुलं ट्रॅकभर सांडली होती आणि तो कुत्रा त्यांच्या चपलेपाशी बसून अजून शेपटी हलवत होता. आजींनी तक्रार केली नाही, दवाखान्याचा खर्च मालकांनी आणि आम्ही मिळून दिला, हात महिन्या-दीड महिन्यात बराही झाला. पण त्यांनी बागेत येणं सोडलं ते कायमचंच. त्यांची सून म्हणाली की आईंना गेटपाशी आलं तरी धडधडतं. एका माणसाची रोजची सकाळ गेली आणि ती आमच्यामुळे गेली, हे मला आजही टोचतं. त्या दिवसापासून सार्वजनिक जागेत लीश सुटत नाही, कुणीही सांगितलं तरी.

तो काही करत नाही हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही त्याला दोन महिन्यांचा असल्यापासून बघताय. समोरून येणाऱ्याला काय दिसतं? एक अनोळखी जनावर आपल्या दिशेने पळत येतंय, एवढंच. त्यातला कुणी लहानपणी कुत्रा चावल्यामुळे इंजेक्शनं घेतलेला असतो, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणी पोटुशी असते, कुणी रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असतं. लहान मूल घाबरलं की किंचाळत पळतं आणि पळणाऱ्या गोष्टीमागे धावणं हे कुत्र्याच्या रक्तातच आहे, मग तो खेळायला धावतो आणि मुलाला वाटतं तो चावायला आलाय. यात चूक ना मुलाची ना कुत्र्याची. लांबून "घाबरू नका हो" असं ओरडून काही उपयोग नसतो, समोरच्याची भीती तुमच्या शब्दाने जात नाही, कुत्रा तुमच्या हातात आहे हे दिसलं की जाते.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो कारण बऱ्याच जणांना वाटतं की चावला तरच भानगड होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिचं कलम २९१ असं की आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून कुणाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असेल आणि तो टाळायला पुरेशी काळजी घेतली नाही तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होतं, तेव्हा दंड हजारापर्यंत होता. यात चावण्याची अट नाही, आणि हाड मोडणं हे कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतीतच येतं, म्हणजे त्या आजींच्या घरच्यांनी मनावर घेतलं असतं तर आमचा तो प्रेमळ लॅब आणि आम्ही सगळे त्यात होतो. दुसरं म्हणजे कलमात शब्द ताब्यात असा आहे. वॉकच्या वेळी कुत्रा आमच्या ताब्यात असतो, म्हणून ही जबाबदारी आमच्यावर येते, तुम्ही परवानगी दिलीत म्हणून ती उतरत नाही. तुम्ही स्वतः फिरवता तेव्हा ती तुमच्यावर, आणि सातवी-आठवीतल्या मुलाच्या हातात रॉटवायलर देऊन खाली पाठवलात तर विचार करा की ताबा नक्की कुणाचा कुणावर आहे. जो माणूस कुत्र्याने जोरात हिसका दिल्यावर जागेवर उभा राहू शकतो त्यानेच त्याला बाहेर न्यावं.

बागेच्या गेटवरचा बोर्डही वाचत जा. बऱ्याच बागांत कुत्रे आणायला मनाईच असते, तिथे आम्ही नेत नाही, आतल्या सुरक्षारक्षकाशी ओळख असली तरी नाही. सोसायटीच्या बागेचं थोडं वेगळं आहे. भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात सोसायट्यांना सांगितलंय की पाळीव कुत्र्यांना बागेत सरसकट बंदी घालणं शहाणपणाचं नाही, हवं तर वेळा ठरवून द्या, आणि मालकांनाही सांगितलंय की बाहेर नेताना लीश लावा आणि घाण उचला. म्हणजे तुमच्या कमिटीशी भांडायचं असेल तर आधी आपली बाजू स्वच्छ पाहिजे. मी स्वतः दोन कमिट्यांशी बोललोय, वेळ मिळाली, पण ती मिळाली कारण आमचे कुत्रे कधी कुणाच्या अंगावर गेलेले नव्हते.

आता लीशबद्दल, कारण लीश आहे म्हणजे कंट्रोल आहे असं नसतं. आम्ही साधी पाच-सहा फुटांची चपटी नायलॉनची लीश वापरतो. ती ओढली की लांब होणारी चक्रीवाली लीश कृपया देऊ नका, १५-१६ फूट पुढे गेलेला कुत्रा आणि तुमच्या मुठीतलं प्लॅस्टिकचं बटण याला कंट्रोल म्हणत नाहीत, शिवाय ती दोरी कुणाच्या पोटरीला घासली तर चांगलंच कापतं. लीशचा लूप अंगठ्यातून घालून तळहातात धरायचा आणि दुसऱ्या हाताने मधे पकडायचं, हाताला गुंडाळायची नाही, हिसक्यात बोटं मोडतात. गळ्यातल्या पट्ट्यात दोन बोटं जातील इतकाच सैलपणा ठेवा, आणि आठवड्यातून एकदा ती लोखंडी कडी नखाने चाचपून बघा. पावसाळ्यात तिला आतून गंज येतो, वरून चकचकीत दिसते आणि ऐन वेळी उघडते, आमच्याकडे अशा तीन कड्या ड्रॉवरमध्ये ठेवल्यात, नवीन मुलं कामाला लागली की आधी त्या हातात देतो. कारवान किंवा मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा असेल तर साधा पट्टा चालतच नाही कारण त्यांची मान जाड आणि डोकं निमुळतं, मागे सरकला की पट्टा डोक्यावरून सुळकन निघतो आणि या जातीचा कुत्रा एकदा पळाला की माणसाच्या हाती लागत नाही. त्यांना ओढलं की थोडा आवळणारा रुंद पट्टा लागतो, तो आमच्याकडे मिळेल, मापाला कुत्र्याला घेऊन या.

गणपतीच्या आधी ढोलपथकांची प्रॅक्टिस सुरू झाली की पुढे दिवाळी संपेपर्यंत आम्ही गळ्यातला पट्टा आणि हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, दोन्ही लावतो, दोघांना वेगळी लीश. आवाजाला घाबरलेला कुत्रा हाक ऐकत नाही, एरवी कितीही शहाणा असो, तो फक्त पळतो, आणि पळाला की रस्त्यावर जातो. या दिवसांत बाहेर जायच्या वेळा आम्ही थोड्या बदलू, तेव्हा समजून घ्या.

अजून एक जे सांगायला लोक कचरतात. कुत्री माजावर आली असेल तर स्पष्ट सांगा, लाजायचं काही नाही. तिला तीन आठवडे बागेत नेत नाही, गच्चीवर किंवा बिल्डिंगच्या आतच फिरवतो, नाहीतर पाच-सहा नर मागे लागतात, त्यांच्यात जुंपते आणि मधे येणाऱ्या माणसाला चावे बसतात.

समोरून दुसरा कुत्रा येतो तेव्हाही लीशच कामाची. तुमचा मोकळा आणि समोरचा बांधलेला असेल तर त्याला पळता येत नाही, त्याच्यापुढे अंगावर येण्याशिवाय मार्गच उरत नाही, आणि मग "तुमचा कुत्रा डेंजर आहे" असं आपण त्यांनाच ऐकवतो. भांडण होण्याआधी कुत्रे सांगत असतात हो, अंग ताठ होतं, तोंड एकदम मिटतं, नाक चाटतात, झोप आलेली नसताना जांभई देतात, डोळ्यातला पांढरा भाग दिसायला लागतो. हे दिसलं की लीश न ताणता वळून चालू पडायचं. पण हे दिसण्यासाठी नजर कुत्र्यावर हवी, मोबाईलवर नको. आमच्या मुलांना वॉकवर फोन हातात घ्यायची परवानगी नाही, फोन उचलला नाही तर रागावू नका.

वेताळ टेकडीवर आणि तळजाईवर बरेच जण सोडतात, तिथे माणसं कमी असतात म्हणून. तिथे मोर आहेत, ससे आहेत, मुंगूस आहेत. लांडोर पावसाळ्यात जमिनीवरच अंडी घालते, झुडपाखाली थोडा खड्डा करून बसते, आणि हुंगत गेलेला कुत्रा ते घरटं एका मिनिटात संपवतो, तुम्ही वर कड्यावर उभे राहून सूर्योदय बघत असता, तुम्हाला पत्ताही लागत नाही. मोर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. टेकडीवर आम्ही नेतो, पण पायवाटेवरून आणि लीश लावूनच.

शी उचलायचं मी दोन वाक्यात सांगतो. पिशवी आम्ही आणतो, उचलतो, तुम्हीही उचला, जुना पेपर चालेल, कारण पार्व्हो हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार आणि जंत त्यातूनच पसरतात आणि त्याच गवतात मुलं अनवाणी खेळतात. कुत्र्याला जंताचं औषध दर तीन महिन्यांनी देत राहा.

आणि एवढं करूनही चावलाच किंवा नख लागलं तर? जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, पाच मिनिटांत झालं असं म्हणायचं नाही. मिरची, हळद, चुना काहीही लावायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. रक्त आलं नसलं आणि नुसतं खरचटलं असलं तरी लस लागते, दंडात द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, आणि जखम रक्त आलेली असेल तर सोबत जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही, म्हणून "पाळलेला आहे, लस दिलेली आहे, काही होत नाही" असं सांगून समोरच्याला घरी पाठवू नका, डॉक्टरांना ठरवू दे. आपला नंबर द्या, लसीचं कार्ड दाखवा, शक्य असेल तर सोबत जा. कुत्र्याला १० दिवस घरात नजरेखाली ठेवायचं असतं, त्या काळात त्याला गावाला पाठवणं किंवा कुणाला देऊन टाकणं हे सगळ्यात वाईट, कारण मग त्या माणसाला तो कुत्रा ठीक आहे हे कळायचा मार्गच राहत नाही.

आता तुमचं म्हणणं, की मग बिचाऱ्याने पळायचं कुठे. बरोबर आहे, कुत्र्याला पळायलाच पाहिजे. कायम कोंडून किंवा बांधून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये गुन्हाच आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी दिवसभर वन बीएचकेमध्ये बसलेल्या हस्कीची दया येते हो. यासाठी आम्ही वारज्याच्या बाजूला एक प्लॉट भाड्याने घेतलाय, सहा फुटी जाळीचं कुंपण, दोन गेट एकामागे एक, म्हणजे एक उघडताना दुसरं बंद. शनिवार-रविवारी सकाळी तिथे एकावेळी तीनच कुत्रे, तेही एकमेकांशी पटणारे, आणि तिथे लीश काढतो. वॉकवाल्यांना त्याचे वेगळे पैसे नाहीत. मधल्या दिवसांत बाग रिकामी असेल तर ३० फुटी लांब दोरी लावून हाक मारली की यायची प्रॅक्टिस घेतो, पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा देऊन, आणि तुम्ही घरी रोज पाच मिनिटं तेच केलंत तर फरक दिसतो. आला की ओरडायचं नाही, उशिरा आला तरी नाही, नाहीतर तो येणंच बंद करतो. आणि रोजच्या वॉकमध्ये त्याला मनसोक्त हुंगू देतो, अर्धा तास हुंगलेला कुत्रा घरी येऊन गाढ झोपतो, हे तुम्ही बघितलंच असेल.

नवीन असाल तर पहिल्या वॉकच्या आदल्या दिवशी रेबीजच्या लसीच्या कार्डचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, पहिली लस तीन महिन्यांचा झाल्यावर आणि पुढे दरवर्षी, तारीख उलटून गेली असेल तर आधी घेऊन या. महापालिकेचं लायसन्स असेल तर त्याचाही पाठवा. कुत्र्याला कशाची भीती आहे, कधी कुणाला चावलाय का, अगदी घरातल्या घरात का असेना, तेही खरं लिहा, त्यामुळे आम्ही त्याला नाकारत नाही, फक्त त्याला कुठल्या मुलासोबत आणि किती वाजता न्यायचं ते ठरवता येतं. पट्टा, लीश आणि हार्नेस दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवा, मुलगा सहा वाजता येईल.