पेनिसिलीन वर्गीय प्रतिजैविकांचे मापन

बेंझिलपेनिसिलीन, ॲम्पिसिलीन, ॲमॉक्सिसिलीन, क्लोक्सासिलीन ही प्रतिजैविके रक्तात, ऊतींत, दुधात किंवा औषधात किती आहेत हे ठरवण्याच्या पद्धती. या रेणूंचा प्राण म्हणजे चार अणूंचे बीटा-लॅक्टम वलय. आम्ल, अल्कली, उष्णता, ओलावा यांनी ते तुटते आणि औषध निकामी होते. त्यामुळे वलय शाबूत असलेलेच रेणू मोजावे लागतात. कोकणच्या दमट हवेत याचे महत्त्व अधिकच.

ऑक्सफर्ड येथे 1940 च्या सुमारास नॉर्मन हीटली यांनी जिवाणू पेरलेल्या आगार (जिवाणू वाढवण्याचा जेलीसारखा थर) थाळीवर छोट्या नळ्या उभ्या करून त्यांत द्रावण भरण्याची रीत बसवली. नळीभोवती जिवाणू न वाढलेले स्वच्छ कडे जितके रुंद, तितके औषध जास्त. पेनिसिलीनचे आजचे आंतरराष्ट्रीय एकक म्हणजे शुद्ध सोडियम बेंझिलपेनिसिलीनचे 0.6 मायक्रोग्रॅम.

औषधांसाठी आयोडीन अनुमापन (ठाऊक तीव्रतेचे द्रावण थोडे थोडे घालून मोजणे) ही जुनी पण फार बोलकी पद्धत. शाबूत पेनिसिलीन आयोडीन घेत नाही. अल्कलीने वलय उघडले की घेते. एक भाग अल्कलीने फोडून आणि दुसरा तसाच ठेवून दोन्हींत आयोडीन घालतात व उरलेले आयोडीन थायोसल्फेटने मोजतात. स्टार्चचा निळा रंग गेला की थांबायचे. नमुना आधीच बिघडलेला असेल तर न फोडलेला भागही आयोडीन खातो, म्हणून दोन्हींतला फरक हेच खरे औषध. आता हे काम बहुतेक उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखनाने (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्याचे तंत्र) होते.

ऊतींचे मापन सर्वांत अवघड. ऊती वाटून प्रथिने ॲसिटोनायट्राइलने साकळवतात आणि अर्क वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापनाने (रेणू वस्तुमानावरून ओळखण्याचे तंत्र) तपासतात. मिथेनॉल टाळलेले बरे, ते वलय फोडते. पेनिसिलीन मुख्यतः पेशींबाहेरील द्रवात राहते. वाटलेल्या ऊतीचा आकडा मात्र पेशींसकट सरासरी दाखवतो आणि संसर्गाच्या जागी असलेले औषध कमी भासते. शिवाय रक्तातील क्लोक्सासिलीनचा सुमारे 95 टक्के भाग प्रथिनांना चिकटलेला असतो. जिवाणूंवर काम करतो तो उरलेला मुक्त भाग.

भातलावणीच्या दिवसांत कोकणात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाचे) रुग्ण येतात. तीव्र आजारात बेंझिलपेनिसिलीनची 15 लाख एकके, म्हणजे सुमारे 0.9 ग्रॅम, दर 6 तासांनी शिरेतून देतात. निरोगी मूत्रपिंडे रक्तातील पातळी सुमारे अर्ध्या तासात निम्म्यावर आणतात; याच आजारात मूत्रपिंडे बिघडली तर औषध कित्येक तास टिकते. अशा रुग्णात रक्तपातळी मोजण्याचा खरा उपयोग आहे. पण नमुना लगेच थंड करून उणे 70 ते 80 अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो. पावसाळ्यात वीज गेली, बर्फ वितळला, की मोठ्या प्रयोगशाळेतले महागडे यंत्रही फक्त राहिलेलेच मोजणार.

दुकानातल्या ॲमॉक्सिसिलीन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या कोरड्या पुडीत पाणी घातले की आधी क्लॅव्ह्युलॅनेट (ॲमॉक्सिसिलीनला जिवाणूंच्या विकरापासून वाचवणारा जोडीदार) बिघडते. बाटली फ्रिजमध्ये ठेवून साधारण 7 दिवसांत संपवतात.

कोळंबीच्या निर्यातीत क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान या दुसऱ्या प्रतिजैविकांचीच तपासणी जास्त गाजते. दुधात मात्र पेनिसिलीन महत्त्वाचे: बेंझिलपेनिसिलीनची कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्नमानके) मर्यादा लिटरला 4 मायक्रोग्रॅम, मांसात किलोला 50. कासदाह झालेल्या गाईच्या सडात औषध सोडल्यावर ठरलेल्या मुदतीआधी दूध काढून वापरले, तर विरजण नीट लागत नाही. प्रयोगशाळेत उष्णताप्रेमी जिओबॅसिलस जिवाणूच्या नळीत दूध घालून ती सुमारे 64 अंशांवर काही तास ठेवतात. दुधात औषध नसेल तर जिवाणू वाढून आम्ल करतो आणि जांभळा रंग पिवळा होतो. रंग बदलला नाही, तर पेनिसिलीन मोडणारे पेनिसिलिनेज विकर घालून तीच चाचणी पुन्हा करतात. आता पिवळा झाला, तर अडथळा पेनिसिलीनचाच होता.