गेस्ट कार्ड वेगळं, ट्रॅव्हल पास वेगळा

आल्प्समधल्या एखाद्या गावात चार-पाच दिवस राहायचं ठरलं की आपल्याकडे पहिली चर्चा पासची, म्हणजे ठरावीक दिवस रेल्वे-बसने फिरू देणाऱ्या तिकिटाची होते. स्विस पास काढला का, किती दिवसांचा काढला, हे शेजारीपाजारीसुद्धा विचारतात. गेस्ट कार्डाबद्दल कुणी विचारत नाही, कारण ते विकत मिळतच नाही. हॉटेलच्या काउंटरवर चावीबरोबर एक कागद नाहीतर क्यूआर कोड हातात येतो, आपण तो पासपोर्टात घडी घालून ठेवून देतो आणि बाहेर पडून बसचं तिकीट काढतो. कार्ड काय किंवा पास काय, कुठलंही एक दाखवून बसमध्ये चढता येतं, म्हणून घोळ होतो. खिसा हलका असेल तर हा घोळ महागात पडतो.

गेस्ट कार्ड तुमच्या मुक्कामाशी बांधलेलं असतं. आल्प्समधल्या बहुतेक पर्यटनाच्या गावांत दर माणशी, दर रात्री एक छोटा कर लागतो. जर्मन भाषिक भागात त्याला कुरटाक्से म्हणतात. बुकिंग करताना दिसलेल्या भाड्यात तो पुष्कळदा धरलेला नसतो आणि बिलात वेगळ्या ओळीत उगवतो. ती ओळ बघून वैतागणारे खूप भेटतात. पण कार्ड बहुतेक ठिकाणी त्याच कराच्या जोरावर मिळतं, म्हणजे त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात. ते न वापरणं हा शुद्ध तोटा.

कार्डावर काय मिळेल हे गावागणिक बदलतं, आणि खरी गंमत इथेच आहे. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडच्या टिचिनो प्रांतात 2017 पासून हॉटेल, यूथ हॉस्टेल किंवा कॅम्पिंगमध्ये उतरणाऱ्यांना टिचिनो तिकीट मिळतं. प्रांतभरची सार्वजनिक वाहतूक त्यावर फुकट. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये कोनुस नावाची सोय आहे. त्यात सहभागी गावांत राहणाऱ्यांना बस आणि लोकल गाड्या मोफत असतात, वेगवान आयसीई गाड्या मात्र नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनचं कार्ड तसं साधं. गावातल्या आणि आसपासच्या बस त्यात येतात, पण ते दाखवून डोंगरावरच्या युंगफ्राउयोखला जाता येईल या भ्रमात राहू नका.

माझ्या मते काटकसरीने फिरणाऱ्यासाठी यातलं सगळ्यात भारी प्रकरण म्हणजे इटलीतला दक्षिण टिरोल. तिथल्या गेस्ट पासवर प्रांतातल्या बस आणि लोकल गाड्या तर आहेतच, शिवाय बोल्झानोहून रिटनच्या पठारावर जाणारी केबल कारही आहे. म्हणजे मुक्काम खाली बोल्झानोत करा, सकाळी पाळण्यात बसून सुमारे 1,200 मीटर उंचीवर जा, दिवसभर डोलोमाइट्सचे सुळके समोर ठेवून भटका, संध्याकाळी खाली या. वेगळं तिकीट काढावं लागत नाही. नावात 'पास' आहे म्हणून फसू नका, मुळात हेही गेस्ट कार्डच.

ऑस्ट्रियात त्सेल आम झे–काप्रुन किंवा श्टुबाय खोऱ्यात उन्हाळ्यातल्या कार्डावर केबल कारही मिळतात, पण फक्त योजनेत सहभागी हॉटेलांतून. शेजारच्या इमारतीत खोली थोडी स्वस्त मिळाली, पण ती योजनेत नसली, तर चौघांच्या केबल कारच्या तिकिटांत ती बचत कुठल्या कुठे जाते. खोलीचं भाडं एकटं बघून हॉटेल ठरवू नये ते यासाठीच.

आता पास. तो तुम्ही कुठे झोपता हे विचारत नाही, किती हिंडता एवढंच बघतो. स्विस ट्रॅव्हल पास 3, 4, 6, 8 किंवा 15 सलग दिवसांचा असतो. देशभरच्या रेल्वे, बस, बोटी त्यात येतात, वर म्युझियमही. 'सलग' हा शब्द नीट वाचा. पाऊस लागला आणि दिवसभर खिडकीत बसून काढला तरी पासचा तो दिवस गेलाच. सुट्या दिवसांसाठी फ्लेक्स नावाचा प्रकार आहे, तो महाग पडतो. आणि डोंगरावर जाणारी प्रत्येक गाडी पासवर फुकट असते ही तर मोठीच गैरसमजूत. रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टोस पूर्ण फुकट आहेत. झेरमाटहून 3,089 मीटरवरच्या गॉर्नरग्राटला जाताना निम्मं भाडं मोजावं लागतं. युंगफ्राउयोखला वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंत पास चालतो, तिथून वर फक्त 25 टक्के सवलत.

याच युंगफ्राउयोखला स्विस हाफ फेअर कार्डावर निम्मी सूट मिळते. हे कार्ड महिनाभर चालतं आणि बहुतेक तिकिटं अर्ध्यावर आणतं. त्यामुळे हिशोब गुंतागुंतीचा वाटला तरी तसा नाही. एकाच खोऱ्यात पाच रात्री असतील तर लांबचा प्रवास दोनच दिवस, येण्याचा आणि जाण्याचा. त्यासाठी सहा दिवसांचा पास कशाला? स्थानिक बस गेस्ट कार्डावर, विमानतळाचा प्रवास आणि एखादं शिखर हाफ फेअरवर, एवढं पुरतं. उलट ल्युसर्न, इंटरलाकेन, झेरमाट, मॉन्त्रो असं दर दोन दिवसांनी बूड हलवणाऱ्याला पासच बरा. अशाने शिखरही पासात बसणारं निवडावं. ल्युसर्नहून बोटीने फित्स्नाउ, तिथून 1871 मध्ये सुरू झालेल्या दातेरी रेल्वेने रिगी, हा अख्खा दिवस पासातच निघतो. मुलं 6 ते 15 वयाची असतील तर दोन्ही पर्यायांत फॅमिली कार्ड मागून घ्या. आई किंवा वडील बरोबर असले की त्यांना रेल्वे, बस, बोटीचं तिकीट लागत नाही.

म्हणून क्रम उलटा करावा. आधी गाव आणि हॉटेल, मग त्या हॉटेलचं कार्ड काय काय देतं ते, आणि सगळ्यात शेवटी पास. बुकिंग पक्कं करण्याआधी मेलवर तीन गोष्टी विचारा: कार्ड देता का, त्यात केबल कार येते का, आणि ते चेक-इनच्या आधी मिळू शकतं का. बऱ्याच ठिकाणी ते हॉटेलात पोचल्यावरच मिळतं, म्हणजे स्टेशनवरून हॉटेलपर्यंतच्या बसला तिकीट लागतं. घरगुती अपार्टमेंट असेल तर हा मेल टाळूच नका, कारण टिचिनोसारख्या ठिकाणी सुट्टीसाठी भाड्याने घेतलेली घरं योजनेतच नाहीत. निघायच्या दिवसाचंही विचारून ठेवा. अनेक कार्डं त्या दिवशी रात्रीपर्यंत चालतात, त्यामुळे सकाळी दहाला खोली सोडून सामान हॉटेलच्या कोपऱ्यात ठेवलं की आणखी एक चक्कर होते.