तांब्याची बाई आणि आमचा बंब
आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात अजून तांब्याचा बंब आहे, आजीच्या लग्नातला. त्याच्या कडीचा रिव्हेट निघाला म्हणून बाबांनी लोखंडी बोल्ट मारला तर दोन पावसाळ्यांत बोल्टाचा भुगा, आणि बंबाला मात्र काही झालं नाही. उद्यमनगरातला फिटर बघून हसला, म्हणाला तांब्याला लोखंड टेकवून पाणी दाखवलं की लोखंड मरतंयच.

आता गंमत बघा, न्यूयॉर्कच्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचं दुखणं हेच. पायाशी तुटलेली साखळी, हातात मशाल, ४६ मीटरची ही बाई ओतीव असेल असं वाटतं, पण नाही, बार्तोल्दी या फ्रेंच शिल्पकारानं तांब्याचे पत्रे ठोकून ठोकून आकार काढलाय आणि पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटरचा. एवढ्याशा पत्र्यावर बाई उभी राहणार कशी, तर आत आयफेलचा (तोच, टॉवरवाला) लोखंडी सांगाडा. आणि खरी अक्कल पुढं आहे. सांगाड्याच्या पट्ट्या त्यानं पत्र्याला थेट ठोकल्या नाहीत, पत्र्याला तांब्याच्या खोबणी मारल्या आणि पट्टी त्यात नुसती अडकवली, म्हणजे उन्हानं पत्रा फुगला, वाऱ्यानं हलला तरी फाटत नाही. स्वातंत्र्यदेवतेला आतून एवढं स्वातंत्र्य पाहिजेच की!

दोन धातू टेकू नयेत म्हणून मध्ये लाख लावलेलं अ‍ॅस्बेस्टॉस घातलेलं, म्हणजे धोका त्यांना माहीत होता. पण १८८६ पासून समुद्राची खारी हवा खाऊन ते झिजलं. खारं पाणी आणि दोन धातू म्हणजे झाली की बॅटरी, आणि त्यात लोखंड खपतं. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळं खोबणीत पट्ट्या फुगून जाम झाल्या, रिव्हेट उपटले, भोकांतून पाणी आत. शेवटी शंभरीच्या आधी, १९८६ पर्यंत, १८०० च्या आसपास पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या, मध्ये टेफ्लॉन.

तांब्यावर चढलेला हिरवा रंग मात्र कुणी घासला नाही, कारण तो थरच खालचं तांबं सांभाळतो. आमची आजी असती तर चिंच घेऊन शिडीवर चढली असती!

बंबाला आता तांब्याचाच रिव्हेट मारलाय, फिटरनं शंभर रुपये घेतले.