ढिगाऱ्याखालची मोजदाद

इराकमधल्या मोसुल शहराच्या अल-जदिदा वस्तीवर १७ मार्च २०१७ रोजी अमेरिकी विमानाने एक बॉम्ब टाकला. निशाणा होता घराच्या वरच्या मजल्यावरचे आयसिसचे दोन बंदूकधारी. घरात आसऱ्याला आलेली कितीतरी कुटुंबं होती. इराकी सैन्याने आधी सांगितलं की घरात पेरलेल्या स्फोटकांनीच ते कोसळलं, ६१ मृतदेह मिळाले आणि हवाई हल्ल्याची खूण नाही. मे महिन्यात अमेरिकेच्या चौकशीने बॉम्ब आपलाच असल्याचं मान्य केलं, किमान १०५ नागरिक मेल्याचं सांगितलं. पण एवढी पडझड व्हायला आमचा बॉम्ब पुरेसा नव्हता, आयसिसने आत दारूगोळा दडवला होता, असंही म्हटलं. वाचलेल्या रहिवाशांना हे पटलं नाही.

हा वाद निव्वळ तोंडी नाही. टाकलेला बॉम्ब जीबीयू-३८ जातीचा, सुमारे २२५ किलोचा. पण त्यातली स्फोटकं नव्वद किलोच्या आतबाहेर, बाकी पोलाद. स्लॅब, खांब किती कोसळले यावरून स्फोटाची ताकद काढता येते, ढिगाऱ्यातल्या रासायनिक अवशेषांवरून स्फोटकाचा प्रकार कळतो. अमेरिकी तपासाची भिस्त यावरच होती. अडचण एवढीच, की ज्याचा बॉम्ब त्याचाच तपास.

मग मृतांची नोंद ठेवणाऱ्याने या वादाच्या निकालाची वाट पाहावी का? मुळीच नाही, असं मला वाटतं. कोण मेलं आणि कोणी मारलं, हे दोन रकाने वेगळे ठेवले की पहिला आजच भरता येतो. २०१४ पासून अशा नोंदी ठेवणाऱ्या ‘एअरवॉर्स’ या संस्थेकडे ‘वादग्रस्त’ असा वेगळा वर्गच आहे: माणसं मेली, पण जबाबदार कोण यावर एकमत नाही.

पहिला रकानाही सोपा नसतो म्हणा. एकच नाव तीन याद्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, म्हणून वडिलांचं नाव, वय, गाव, तारीख ताडून पाहतात. आणि कुठल्याच यादीत नसलेल्यांचं काय? इथे तळ्यातले मासे मोजण्याची जुनी युक्ती कामी येते: काही मासे खूण करून सोडायचे आणि पुढच्या जाळ्यात खुणेचे किती येतात, यावरून एकूण ताडायचे. समजा, एका यादीत १०० नावं, दुसरीत ८० आणि दोन्हींत सामाईक ४०. म्हणजे दुसऱ्या यादीतली निम्मी माणसं पहिलीने टिपली. तर पहिलीने एकूण मृतांपैकीही निम्मेच टिपले असणार, एकूण सुमारे २००. पण याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच हे गणित जमतं. युद्धात तसं क्वचितच असतं. एकच कार्यकर्ता दोन्ही याद्यांना नावं पुरवतो. म्हणून याद्या जास्त घेतात आणि त्यांच्यातलं नातंही गणितात धरतात.

सीरियासाठी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने आठ स्रोत असेच जुळवले. मार्च २०११ ते मार्च २०२१ या दहा वर्षांत प्रत्यक्ष नोंदलेले नागरिक मृत्यू १,४३,३५०. नोंदीतून सुटलेले धरून अंदाज ३,०६,८८७. निम्म्याहून अधिक मृत्यू यादीबाहेरचे. त्यांतला कोणता कोणाच्या बॉम्बने झाला, हे हे गणित सांगत नाही. त्यासाठी पुन्हा ढिगाऱ्यातले तुकडेच तपासावे लागतात.