बिनबियांच्या संत्र्याला नक्की किरण कुठे दिले

वाशी मार्केटात बाहेरची सीडलेस संत्री दिसली की कोणीतरी म्हणतंच, अरे याला रेडिएशन दिलंय, पोरांना देऊ नका. गोंधळ होणारच, कारण वाशीतच २००० पासून मसाल्यांना गॅमा किरण देणारा प्लांट चालू आहे आणि तिथे तयार माल किरणांखालून जातो. पण टँगो नावाच्या बिनबियांच्या संत्र्याच्या जातीत किरण दिले ते डोळकाड्यांना, म्हणजे कलम बांधायच्या डोळे असलेल्या काड्यांना, तेही फक्त एकदा, नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियात. मग त्या डोळ्यांची कलमं केली, झाडं फळायला लागेपर्यंत थांबले, फळं कापून बिया मोजत बसले आणि २००६ ला जात बाहेर काढली. आज जे झाड लावतात ते त्याच झाडाच्या कलमाचं कलम, त्याच्या फळाला किरण लागलेलाच नसतो. हे लोकांना नीट सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तसं बिनबियांचं फळ नवीन नाही, नेव्हल संत्रं ब्राझीलमध्ये आपोआप झालेल्या बदलातून आलं आणि १८७३ ला कॅलिफोर्नियात पोचलं.

टँगोची आई, म्हणजे ज्या जातीच्या काड्यांना किरण दिले ती, मोरोक्कोतली, तिला कोणी नाडोरकॉट म्हणतं, कोणी अफूरेर, कोणी डब्ल्यू मरकॉट. ती एकटी लावली तर बी धरत नाही, पण शेजारच्या बागेतून मधमाशीने दुसऱ्या जातीचा पराग आणला की फळात बिया, म्हणून शेतकरी झाडांवर जाळ्या टाकायला लागले आणि मधपाळांशी भांडणं झाली, खरं तर यात मधमाशीची काय चूक. किरणांनी टँगोचे पराग आणि बीजांडं जवळपास वांझ झाली, मग माशी येऊ दे नाहीतर नको.

खरी मारामारी मात्र 'मूलतः व्युत्पन्न जात' या शब्दावर आहे. नव्या वाणांना संरक्षण देणाऱ्या १९९१ च्या आंतरराष्ट्रीय करारात तो आला. म्हणजे संरक्षित जातीत थोडाच फरक करून नवी काढली तर नोंदणी तुमच्या नावावर होईल, पण विकायला मूळवाल्याची परवानगी लागेल. युरोपात नाडोरकॉटवाले म्हणाले टँगो आमचीच, टँगोवाले म्हणाले वेगळी, आणि प्रकरण कोर्टात गेलं. झाड तेच, चव जवळपास तीच, बदललं फक्त बी, पण बाजारात भाव त्या बी नसण्यालाच आहे, मग हा फरक थोडा कसा? मला तरी मोठाच वाटतो, पण आईची जात शोधणाऱ्यालाही काहीतरी मिळायलाच हवं. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यातही हाच शब्द आहे.