पाच हजारावं पान उघडायला वेळ का लागतो?

ऑर्डर्सची यादी, ताज्या आधी, पानाला २० नोंदी. पहिलं पान झटकन येतं. ५०००व्या पानाला चक्र फिरत राहतं. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) तीच, इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची क्रमवार सूची) तोच, बदलला फक्त ऑफसेटचा, म्हणजे सुरुवातीच्या किती नोंदी सोडायच्या याचा आकडा.

'लिमिट २० ऑफसेट ९९९८०' (९९,९८० सोडून पुढच्या २० द्या) म्हटलं, तरी पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारखा डेटाबेस थेट त्या जागी पोहोचत नाही. बी-ट्री इंडेक्समध्ये, म्हणजे झाडासारख्या रचनेत, किल्ल्या (ज्यांवर क्रम लावला ती मूल्यं) क्रमाने असतात, पण कुठल्या फांदीखाली किती नोंदी आहेत याचा हिशेब नसतो. मग सुरुवातीपासून मोजत जायचं: १,००,००० नोंदी वाचायच्या आणि ९९,९८० टाकून द्यायच्या. पोस्टग्रेसमध्ये क्वेरीला 'एक्सप्लेन ॲनालाइझ' (क्वेरी कशी चालली ते दाखवणारा आदेश) लावून पाहा. लिमिटच्या ओळीत २० नोंदी दिसतात, तिच्या खालच्या इंडेक्स स्कॅनच्या ओळीत एक लाख.

दुसरी भानगड अशी की, तुम्ही पहिलं पान वाचत असताना नवी ऑर्डर आली की सगळी यादी एक घर खाली सरकते आणि पहिल्या पानावरची शेवटची नोंद दुसऱ्या पानावर पुन्हा दिसते. एखादी डिलीट झाली, तर एक नोंद कुठल्याच पानावर दिसत नाही.

उपाय म्हणजे पान मोजायचं सोडून शेवटची किल्ली लक्षात ठेवायची. तारीख आणि आयडी, दोन्हींवर मिळून एक इंडेक्स करा, क्रमही दोन्हींवर उतरता लावा आणि अट घाला:

(तारीख, आयडी) < (शेवटची तारीख, शेवटचा आयडी)

आता झाडातून तीन-चार पायऱ्या उतरल्या की लगेच पुढच्या २० नोंदी मिळतात, पान कितवंही असो. आयडी मात्र गाळू नका. एकाच क्षणाच्या दोन ऑर्डर्स पानाच्या सीमेवर आल्या, तर नुसत्या तारखेच्या '<' ने एक गळते, '<=' ने एक दोनदा येते. तारीख नल (रिकामी) असलेल्या नोंदी या तुलनेत गुपचूप गायब होतात. कॉलम 'नॉट नल' हवा. मायएसक्यूएल जोडीच्या अशा तुलनेसाठी इंडेक्स नीट वापरत नाही, तिथे अट फोडून लिहावी (क म्हणजे शेवटची तारीख, ख म्हणजे शेवटचा आयडी):

तारीख <= क अँड (तारीख < क ऑर आयडी < ख)

यात थेट ५०००व्या पानावर उडी मारता येत नाही. खरं तर तिथे माणसं क्वचितच जातात. जातात ते क्रॉलर (साइटची पानं आपोआप वाचत जाणारे प्रोग्राम) आणि एक्स्पोर्टच्या स्क्रिप्ट, आणि त्यांना उडी नकोच असते. पानांचे आकडे हवेच असतील, तर आधी इंडेक्समधूनच २० आयडी काढा, मग तेवढ्याच नोंदी टेबलातून जोडा. मोजणी टळत नाही, पण टाकून द्यायच्या नोंदींसाठी टेबल चाळावं लागत नाही.

'एकूण पानं' दाखवायला लागणारा काउंट (सगळ्या नोंदींची मोजणी) हा वेगळा खर्च. 'पुढे' बटण दाखवायचं की नाही एवढंच ठरवायचं असेल, तर लिमिट २१ मागा आणि २० दाखवा; एकविसावी आली, तर पुढे पान आहे.