कार्डवर फाइल कॉपी करायची की इमेज फ्लॅश करायची?

सिस्टिमची इमेज, म्हणजे आख्ख्या कार्डाची एका फाइलमधली प्रत, डाउनलोड केली, रीडरमध्ये नवं मायक्रोएसडी कार्ड घातलं, फाइल ओढून कार्डवर टाकली. हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली, एररही आली नाही. कार्ड रेट्रो हँडहेल्डमध्ये, म्हणजे जुने व्हिडिओ गेम खेळायच्या हातातल्या कन्सोलमध्ये, घालून बटण दाबलं तर लाइट लागतो, स्क्रीन मात्र काळीच. मग कार्डावर संशय, बॅटरीवर संशय, विकणाऱ्यावर संशय. बहुतेक वेळा यातलं काहीच बिघडलेलं नसतं. जी फाइल फ्लॅश करायची, म्हणजे खास साधनाने आख्ख्या कार्डावर उतरवायची होती, ती नुसती कॉपी झालेली असते, एवढंच.

उलटी गल्लतही सर्रास होते. एक गेम वाढवायचा म्हणून कुणी आख्खं कार्ड नव्याने फ्लॅश करतं आणि अर्धवट खेळलेल्या सगळ्या गेमचे सेव्ह घालवून बसतं. दोन्ही कामं त्याच कार्डावर, त्याच रीडरने होतात, म्हणून ती एकच वाटतात. कार्डाच्या दृष्टीने मात्र त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

कॉपी करताना कॉम्प्युटर कार्डाशी थेट बोलत नाही, मध्ये फाइल सिस्टिम असते. फॅट३२ किंवा एक्सफॅट ही ती व्यवस्था. कुठली फाइल कार्डावर कुठे पडली, तिचे तुकडे कुठे कुठे आहेत, कुठली जागा मोकळी आहे याची नोंद तिच्याकडे असते. आपण 'जीबीए' (गेम बॉय अॅडव्हान्स) नावाच्या फोल्डरमध्ये गेम टाकतो तेव्हा तो प्रत्यक्षात कुठल्या सेक्टरमध्ये, म्हणजे कार्डावरच्या कुठल्या छोट्या कप्प्यात गेला हे आपल्याला कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. कन्सोल नंतर त्याच नोंदवहीवरून तो शोधून काढतो.

पण हे शोधणं जमायला कन्सोलमध्ये आधी काहीतरी चालू झालेलं असावं लागतं. चिपला वीज मिळते त्या क्षणी तिला फॅट३२ कळत नाही, फोल्डर कळत नाहीत, फाइलचं नावही कळत नाही. तिच्यात कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो आणि तो कार्डावरच्या ठराविक जागी जाऊन बघतो. बऱ्याच हँडहेल्डमध्ये रॉकचिप कंपनीच्या आरके३३२६ किंवा आरके३५६६ या चिप असतात. त्या कार्डाच्या ६४ क्रमांकाच्या सेक्टरवर बूटलोडरचा, म्हणजे सिस्टिम चालू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, पहिला भाग शोधतात. सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे कार्डाच्या सुरुवातीपासून बरोबर ३२ केबीवर. पुढचा टप्पा, यू-बूट, सहसा ८ एमबीवर ठेवलेला असतो. ऑलविनरच्या चिपचा हिशेब वेगळा, त्या ८ केबीवर बघतात. या जागा कुठल्याही पार्टिशनच्या, म्हणजे कार्डाच्या आखून दिलेल्या भागाच्या, आत नसतात. एक्सप्लोररमध्ये त्या दिसत नाहीत आणि ओढून टाकलेली फाइल तिथे पोचण्याचा काही मार्गच नाही.

फ्लॅश करणं म्हणजे ही फाइल सिस्टिम बाजूला सारून कार्डाच्या शून्याव्या सेक्टरपासून ओळीने लिहीत जाणं. आयएमजी फाइल ही एका संपूर्ण कार्डाची सेक्टर-सेक्टर उतरवलेली प्रत असते. पार्टिशन टेबल, बूटलोडर, बूटचं छोटं पार्टिशन, लिनक्सचं ईएक्सटी४ पार्टिशन आणि शेवटी गेमचं पार्टिशन, सगळं तिच्यात आपापल्या जागी बसलेलं असतं. एचर, रूफस, विन३२ डिस्क इमेजर किंवा रास्पबेरी पाय इमेजर ही साधनं ती प्रत जशीच्या तशी कार्डावर उतरवतात. कार्डावर आधी काय होतं याची ती फिकीर करत नाहीत. म्हणून तर फ्लॅश करण्याआधी कार्ड फॉरमॅट करून घेण्यात काही अर्थ नाही, तसं सांगणारे बरेच भेटतात तरीही.

एचर लिहून झाल्यावर कार्ड परत वाचून पडताळतो. ही पायरी वेळखाऊ म्हणून अनेक जण 'स्किप' दाबतात. दाबू नका. खोट्या क्षमतेची किंवा मरायला टेकलेली कार्डं नेमकी इथेच पकडली जातात. एचरमध्ये चुकीची फाइल निवडली तर पार्टिशन टेबल सापडत नसल्याचा इशाराही येतो. तो आला की थांबायचं आणि आपण इमेजऐवजी भलतंच काही दिलंय का ते बघायचं. इमेज जीझेड किंवा एक्सझेड स्वरूपात दाबलेली असेल तर एचर ती तशीच घेतो. सेव्हन-झिप स्वरूपात असेल तर आधी उघडावी लागते. लिनक्सवरची डीडी कमांड हेच काम करते, पण ती खात्री वगैरे करून घेत नाही. ड्राइव्हचं नाव एका अक्षराने चुकलं तर कार्डाऐवजी कॉम्प्युटरची हार्ड डिस्क पुसली जाईल.

फ्लॅश झाल्यावर विंडोजवर जे घडतं त्याने नवखा माणूस हमखास गडबडतो. एका कार्डाचे दोन-तीन ड्राइव्ह दिसू लागतात आणि त्यातल्या एकासाठी चौकट उघडते: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? हे पार्टिशन ईएक्सटी४ असतं. विंडोजला ते वाचता येत नाही, म्हणून ते रिकामं किंवा बिघडलेलं आहे असं तो धरून चालतो. प्रत्यक्षात कन्सोलची आख्खी सिस्टिम तिथेच बसलेली असते. 'कॅन्सल' दाबायचं. चौकट पुन्हा आली तर पुन्हा 'कॅन्सल'. इथे घाईने 'फॉरमॅट' दाबलं की नीट झालेलं काम वाया जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणखी एक: बहुतेक इमेज लहान ठेवलेल्या असतात. १२८ जीबीच्या कार्डावर फ्लॅश केल्यावर गेमसाठी जेमतेम जागा दिसते, कारण ते पार्टिशन उरलेल्या कार्डभर पसरतं ते कन्सोलमध्ये पहिल्यांदा चालू केल्यावर. त्या वेळी कन्सोल एक-दोनदा आपोआप रीस्टार्ट होऊ शकतो, मध्येच बंद करू नये. मगच कार्ड परत कॉम्प्युटरला लावायचं आणि गेम कॉपी करायचे. 'बूट' नावाच्या ड्राइव्हमध्ये टाकायचे नाहीत. आर्कओएस या हँडहेल्डच्या सिस्टिममध्ये गेमच्या पार्टिशनचं नाव 'ईझीरॉम्स' असतं, बाकीच्यांत 'रॉम्स' किंवा तसंच काहीतरी.

म्हणजे एका कार्डाच्या आयुष्यात फ्लॅश एकदा आणि कॉपी कितीही वेळा, असा सरळ हिशेब झाला. पण सगळ्याच हँडहेल्डना तो लागू नाही, आणि गोंधळाचं खरं मूळ इथे आहे.

मियू मिनी हे त्याचं ठळक उदाहरण. त्याचा बूटलोडर आणि मूळ सिस्टिम आतल्या चिपवर असते, कार्ड नसलं तरी ते चालू होऊ शकतं. म्हणून त्यावरची ओनियन ही लोकप्रिय सिस्टिम फ्लॅश करायची नसतेच. कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचं, झिप उघडायची आणि आतलं सगळं कार्डावर सगळ्यात वरच्या पातळीवर, कुठल्याही फोल्डरच्या आत नाही, असं कॉपी करायचं. आतली सिस्टिम चालू होते, कार्डावर ठराविक फोल्डर दिसला की पुढचा ताबा त्याला देते. तो फोल्डर म्हणजे 'टीएमपी अपडेट', आणि त्याच्या नावाची सुरुवात टिंबाने होते. मॅक आणि लिनक्स टिंबाने सुरू होणाऱ्या गोष्टी लपवतात. मॅकच्या फाइंडरमध्ये सगळं निवडून ओढलं तर दिसणारं सगळं जातं, नेमका हा मागे राहतो. कमांड, शिफ्ट आणि टिंब ही बटणं एकदम दाबली की लपलेले फोल्डर दिसतात. हे माहीत नसलेला माणूस कार्ड चारदा फॉरमॅट करतो आणि प्रत्येक वेळी तेच मागे सोडतो.

तेव्हा कुठल्याही यंत्राबाबत पहिला प्रश्न एकच: हे कार्डावरून बूट होतं की आतल्या चिपवरून? कार्डावरून होत असेल तर सिस्टिम फ्लॅशनेच जाणार. आतून होत असेल तर बऱ्याचदा कॉपी पुरते. डाउनलोडचं स्वरूपही अंदाज देतं. आयएमजी म्हणजे फ्लॅश. साधी झिप, जिच्यात फोल्डरच फोल्डर आहेत, म्हणजे कॉपी. झिपमध्ये आयएमजी निघाली तर अर्थातच फ्लॅश.

आरजी३५एक्सएक्स किंवा आरजी३५३ मालिकेसारख्या यंत्रांना दोन खाचा असतात. पहिलीत सिस्टिमचं कार्ड, दुसरीत फक्त गेमचं. दुसऱ्या कार्डाला फ्लॅशचा स्पर्शही लागत नाही, आणि माझ्या मते दोन खाचा असतील तर दोन्ही वापराव्यात. सिस्टिमचं कार्ड बिघडलं, नवी आवृत्ती टाकावीशी वाटली, तर पहिलं कार्ड बिनधास्त पुसता येतं, गेम आणि सेव्ह दुसरीकडे सुखरूप असतात.

कार्ड बदलताना हा फरक सगळ्यात जास्त बोचतो. यंत्रासोबत आलेली कार्डं बहुधा बिननावाची आणि कमअस्सल असतात, ती लवकर बदलावीत हे खरंच. पण जुन्या कार्डावरचं सगळं निवडून नव्यावर टाकलं की झालं, असं वाटतं आणि इथेच फसगत होते. विंडोजला फक्त फॅटची पार्टिशनं दिसली, तेवढीच कॉपी झाली. ईएक्सटी४ पार्टिशन राहिलं, आणि ६४ व्या सेक्टरवरचा बूटलोडर तर फाइल नव्हताच. नव्या कार्डावर गेम सगळे आहेत, पण चालू करणारं कुणी नाही. जुन्या कार्डाची इमेज काढावी लागते, विन३२ डिस्क इमेजरमधलं 'रीड' बटण त्यासाठीच आहे, आणि ती नव्यावर फ्लॅश करावी लागते. ६४ जीबी कार्डाची इमेज ६४ जीबीच होते, अर्धं कार्ड रिकामं असलं तरी. शिवाय दोन कंपन्यांच्या ६४ जीबी कार्डांत सेक्टरची संख्या तंतोतंत सारखी नसते. नवं कार्ड काही एमबीने लहान निघालं की साधन जागा अपुरी म्हणून नकार देतं. नवं कार्ड मोठं घेणं हा सोपा उपाय. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: नव्या कार्डावर सिस्टिमची ताजी इमेज फ्लॅश करायची आणि जुन्यावरून फक्त गेम, बायोस (काही गेमना लागणाऱ्या मूळ कन्सोलच्या सिस्टिम फाइल) आणि सेव्ह कॉपी करून आणायचे. जुन्या कार्डावरची कुजलेली सेटिंग सोबत येत नाहीत.

सेव्ह आणताना दोन प्रकार ओळखू यायला हवेत. एसआरएम ही गेमने स्वतः केलेली सेव्ह, मूळ कार्ट्रिजमध्ये बॅटरीच्या जोरावर राहायची तीच. ती सहसा दुसऱ्या सिस्टिमवरही चालते. स्टेट म्हणजे एम्युलेटरने (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने) त्या क्षणी गोठवलेली मेमरी, आणि एम्युलेटरची आवृत्ती बदलली की ती उघडेलच असं नाही. काही सिस्टिममध्ये या फाइल गेमच्या शेजारीच असतात, ओनियनमध्ये त्यांचा वेगळा 'सेव्ह्ज' फोल्डर असतो. फ्लॅशआधी दोन्ही जागा पाहून घ्याव्यात.

फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, याची धास्ती अनेकांना असते. ही मर्यादा कॉपीला लागू आहे, फ्लॅशला नाही. आणि या यंत्रांवर ती फारशी आडवीही येत नाही: प्लेस्टेशनची सीडी ७०० एमबीच्या आसपास, पीएसपीची यूएमडी डिस्क १.८ जीबीपर्यंत. खरी अडचण वेगळीच असते. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट चौकटीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या कार्डासाठी फॅट३२ चा पर्याय अनेकदा दिसतच नाही. तिथे रूफस कामाला येतो.

वाय-फायने एसएफटीपी (नेटवर्कवरून फाइल पाठवायची पद्धत) वापरून गेम टाकले किंवा केबलने, तरी ती कॉपीच. हे रस्ते चालू असलेल्या यंत्रापर्यंतच जातात, तेव्हा कार्डावरून बूट होणाऱ्या यंत्राचं कोरं कार्ड त्यांनी उभं करता येणार नाही.

काही बिनसलं तर लक्षणावरून दोन्ही कामं वेगळी काढता येतात. स्क्रीन काळी, लोगोही नाही, किंवा लोगोवरच अडकलं, तर संशय फ्लॅशवर: भलत्या मॉडेलची इमेज, पडताळणी वगळलेली, किंवा 'फॉरमॅट'ला हो म्हटलेलं. मेन्यू व्यवस्थित येतोय पण गेम दिसत नाही, तर फ्लॅशला हात लावू नका, कॉपी तपासा. फोल्डरचं नाव सिस्टिमला हवं तसं आहे का? सीडीवरच्या गेमची बिन फाइल आली पण तिच्या सोबतची क्यू फाइल राहिली का? इजेक्ट न करता कार्ड उपसलं का? तसं केलं तर शेवटच्या फाइलचं नाव दिसतं, आकारही बरोबर दिसतो, आतला मजकूर मात्र अर्धाच लिहिलेला असतो. सगळं बरोबर असेल तर मेन्यूतून गेमची यादी ताजी करून बघा, काही सिस्टिम नवी फाइल स्वतःहून शोधत नाहीत. आणि प्रत्येक गेम दोनदा दिसत असेल, त्यातला एक उघडतच नसेल, तर कॉपी मॅकवरून झालेली आहे: टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या त्या जोडफाइल निर्धास्त पुसून टाका.